एमबीएत इन्फर्मेशन सिस्टिम्स घ्यावं का? अंबडच्या एका अकाउंट असिस्टंटला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. बी.कॉम. झालेली, नाशिकच्या सिडकोत राहणारी एक मुलगी तिथल्याच अंबड एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात अकाउंट असिस्टंट आहे. टॅलीत खरेदीची बिलं टाकते, जीएसटीचं बघते. आता एमबीए करायचंय आणि इन्फर्मेशन सिस्टिम्स, ई-बिझनेस या विषयांकडे ओढा आहे. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की हे इंजिनिअर लोकांचं काम, कोडिंग येत नसेल तर वाटेला जाऊ नकोस. घरी भाऊ म्हणतो, एआय आल्यावर यात काही उरणार नाही. मग घ्यावं की सरळ फायनान्स करावं?

घ्या, पण एकटं घेऊ नका. फायनान्स किंवा ऑपरेशन्स मुख्य ठेवा आणि त्याला हे जोडा. मी बरीच वर्षं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंत कारखान्याचं सगळं काम एका जागी नोंदवणारं सॉफ्टवेअर, बसवण्याचं काम केलं, आता अधूनमधून एमबीएच्या मुलांना शिकवतो. नुसत्या सिस्टिम्स शिकलेला मुलगा पहिल्या मीटिंगमध्ये छान बोलतो. दुसऱ्या मीटिंगला स्टोअरकीपर त्याला विचारतो, "रिजेक्ट झालेला माल कुठल्या खात्यात दाखवायचा?" आणि तिथे गाडी अडते. तुमची अडणार नाही, कारण ते तुम्ही रोज करता.

आधी या विषयात शिकायचं काय असतं ते सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की सॉफ्टवेअर शिकवतात.

एका कारखान्यात एम-८ चा पंचवीस मिलिमीटरचा हेक्स बोल्ट तीन कोडवर होता. परचेसवाल्याने "बोल्ट एम ८ × २५" लिहिलं होतं, स्टोअरने "हेक्स बोल्ट ८ एमएम", आणि डिझाइनच्या माणसाने ड्रॉइंग नंबरसकट तिसरंच काहीतरी. रॅकवर बोल्टांच्या पेट्या भरलेल्या, आणि प्रॉडक्शनचा माणूस ज्या कोडवर मागणी टाकायचा तिथे शिल्लक शून्य. सिस्टिम म्हणायची माल संपला. परचेस ऑर्डर निघायची, आणखी पेट्या यायच्या. वर्षअखेरीला स्टॉक मोजताना सगळं बाहेर आलं. मालकांचं पहिलं वाक्य होतं, "हे सॉफ्टवेअर बदला."

सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता. नवा आयटम कोड उघडण्याचा अधिकार सगळ्यांनाच होता, दुखणं तिथे होतं. उपाय कंटाळवाणा होता: नाव लिहिण्याचा एकच नमुना ठरवायचा, कोड उघडण्याचा हक्क एकाच माणसाकडे द्यायचा, आणि तो रजेवर असेल तेव्हा कुणाकडे जायचं हेही कागदावर आणायचं. त्यावरून परचेस आणि डिझाइनमध्ये महिनाभर धुसफूस चालली, कारण कोडचा हक्क जाणं म्हणजे वजन कमी होणं. कुणी काय नोंदवायचं, कुणी ती नोंद पाहून काय ठरवायचं, आणि नोंद चुकली तर कुणाला कळणार, हा या विषयाचा गाभा आहे. कॉम्प्युटर त्यानंतर येतो.

म्हणूनच तुम्ही निम्मा रस्ता आधीच चाललेल्या आहात. सप्लायरचं बिल टॅलीत टाकण्याआधी तुम्ही स्टोअरकडून जीआरएन, म्हणजे माल उतरल्याची पावती, मागता ना? परचेस ऑर्डरमध्ये दर काय होता, प्रत्यक्षात किती माल उतरला, बिलात किती लावलाय, हे तिन्ही जुळलं तरच पैसे सोडता. एमबीएच्या वर्गात यालाच थ्री-वे मॅच म्हणून स्लाइडवर दाखवतील. वर्गातल्या बाकीच्यांना तो बाणांचा आकृतिबंध वाटेल. तुम्हाला तो चेहऱ्यांसकट दिसेल.

आता कोडिंगचं. प्रोग्रामर व्हायला तुम्ही चाललेला नाही, त्यामुळे जावा-बिवा विसरा. पण एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते काढून घेण्याची भाषा, टाळता येणार नाही. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांमध्ये मांडायची आणि तक्ते एकमेकांशी जोडायचे ही कल्पना मांडली, त्यावर आजही बहुतेक ईआरपी उभी आहेत. पार्टी मास्टर, आयटम मास्टर, बिलाचा माथा, बिलातल्या ओळी, हे तक्ते डोक्यात वेगवेगळे दिसायला लागले की एसक्यूएल अवघड राहत नाही. एक्सेलमध्ये व्हीलूकअप जमत असेल तर तुम्ही उंबऱ्यावर आहात. ईआरपीनेक्स्ट नावाचं मुंबईत घडलेलं ईआरपी ओपन सोर्स आहे, फुकट बसवता येतं. त्यात खोटी नावं घालून एक छोटा कारखाना उभा करा: पाच सप्लायर, वीस आयटम, महिनाभराची खरेदी. मग मुद्दाम एक बिल चुकीच्या दराने टाका आणि बघा, सिस्टिम तुम्हाला कुठे अडवते आणि कुठे अडवत नाही. कंपनीचा खरा डेटा मात्र पेन ड्राइव्हवर घरी नेऊ नका. शिकण्यासाठी नेला तरी ती चोरीच धरली जाते, आणि नोकरीवर बेततं.

नाशिकमध्ये राहून हा विषय शिकण्यात एक फायदा आहे, तो पुण्या-मुंबईच्या मुलांना मिळत नाही. इथे दिंडोरी-निफाडच्या शिवारात एक पूर्ण माहिती-यंत्रणा चालू आहे, तिचं नाव ग्रेपनेट. शेतमालाच्या निर्यातीचं बघणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेने ती युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी उभी केली. ज्या प्लॉटमधून निर्यात करायची तो कृषी खात्याकडे नोंदवावा लागतो, त्याला नंबर मिळतो. फवारणीची नोंद शेतकऱ्याने ठेवायची. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा त्या प्लॉटचा नमुना घेते आणि औषधांच्या अवशेषांचा अहवाल ऑनलाइन चढवते. अहवाल नापास झाला की तो माल युरोपच्या वाटेला लागत नाही. पुढे पॅकहाउस, दर्जाचं अ‍ॅगमार्क, रोग-कीड नसल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, सगळं एका साखळीत. रॉटरडॅममध्ये उतरलेल्या पेटीवरून मागे येत येत मोहाडीच्या एखाद्या प्लॉटपर्यंत पोचता येतं. तुमच्या नात्यात किंवा मैत्रिणींमध्ये कुणाची निर्यातीची बाग असेल, तर एकदा त्यांच्याकडे बसून ही कागदपत्रं क्रमाने लावा. एका सेमिस्टरच्या तासांत कळणार नाही इतकं दोन तासांत कळेल.

आणि याच यंत्रणेचा २०१० चा किस्सा मी वर्गात दरवर्षी सांगतो. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारं रसायन सापडलं, आपल्याकडे ज्याला सगळे सीसीसी म्हणतात ते. कंटेनर अडकले, शेतकरी आणि निर्यातदार दोघेही पोळले. नोंदणी झालेली होती, नमुने घेतलेले होते, अहवाल पास होते. पण ज्या रसायनांची तपासणी करायची त्या यादीत सीसीसी नव्हतं. म्हणजे प्रत्येकाने आपापलं काम नेमून दिल्याप्रमाणे केलं, तरी माल अडकला. ही यादी कोण ठरवतो, कधी बदलतो, आणि समोरच्या देशातल्या ग्राहकाची यादी वेगळी आहे हे कुणाला कळतं, हा प्रश्न कुठल्याही प्रोग्रामरच्या टेबलावर येत नाही. तो तुमच्यासारख्या माणसाच्या टेबलावर यायला हवा.

ई-बिझनेसकडे वळू. १९९७ मध्ये आयबीएमने जाहिरातींतून हे नाव गाजवलं. नंतर कुठे त्याचं ई-कॉमर्स झालं, कुठे डिजिटल बिझनेस झालं. अभ्यासक्रमाच्या नावाकडे फार बघू नका. वेबसाइट कशी करायची हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे, आणि दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी तेवढाच शिकवतात.

येवल्याची पैठणी घ्या. हातमागावरची प्रत्येक पैठणी एकुलती एक असते. तोच रंग, तोच पदर, तरी दुसरी तंतोतंत तशी नसते. दुकानदाराने फोटो स्वतःच्या साइटवर टाकला, एका मार्केटप्लेसवर टाकला, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. रविवारी दुकानात गिऱ्हाईक आलं आणि ती साडी घेऊन गेलं. काउंटरवरच्या मुलाने बिल केलं, पण साइटवरची नोंद काढायची राहिली. रात्री हैदराबादहून तिचे पैसे येऊन पडले. आता साडी कुठून देणार? टी-शर्ट विकणाऱ्याकडे शंभर नग असतात, एखादा इकडेतिकडे झाला तर निभावतं. इथे साठा एकाचाच. त्यामुळे विक्री कुठेही झाली तरी नोंद एकाच जागी, त्याच क्षणी व्हायला हवी, आणि ती काउंटरवरच्या मुलाच्या आठवणीवर सोडून चालत नाही. ई-बिझनेसचा अभ्यास इथे सुरू होतो.

दुसरं, पैशाचा हिशेब. यात तुम्ही वर्गात सगळ्यांच्या पुढे असाल. समजा कुणी मार्केटप्लेसवर ५२५ रुपयांना मनुक्यांचा डबा विकला. जीएसटी ५ टक्के धरला तर मूळ किंमत ५०० आणि कर २५. मार्केटप्लेसने समजा ४० रुपये कमिशन आणि ७० रुपये शिपिंग लावलं. या ११० वर १८ टक्क्यांनी जीएसटी १९.८० रुपये. मार्केटप्लेस आधीच कापून सरकारकडे भरतं तो जीएसटीचा टीसीएस जुलै २०२४ पासून अर्धा टक्का, म्हणजे २.५० रुपये. तसाच कापला जाणारा आयकराचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का, म्हणजे ५० पैसे. बँकेत येतात ३९२ रुपये २० पैसे. विकणारा माणूस म्हणतो, "सव्वापाचशेला विकलं, चारशेही आले नाहीत, बाकीचं खाल्लं यांनी." खरं तर १९.८० चं क्रेडिट मिळणार आहे, टीसीएस आणि टीडीएसही खात्यात दिसणार आहेत. पण त्यातून डबा, मनुका, पॅकिंगचा खर्च आणि परत आलेल्या पार्सलांचं भाडं काढल्यावर काय उरतं, हे ऑर्डरवार त्याला कुणी दाखवत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीत तर माणूस दारातूनच पार्सल परत पाठवतो, आणि जाण्या-येण्याचं भाडं विक्रेत्याच्या माथी. एका महिन्याची सेटलमेंट शीट घेऊन ती बँक स्टेटमेंट आणि टॅलीशी ओळ न् ओळ जुळवून दाखवणारा एमबीए मला अजून क्वचित भेटलाय. मुलाखतीला जाताना असं एक काम हातात असेल तर तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

सरकारच्या नियमांनी गेल्या काही वर्षांत या विषयाला जेवढं काम दिलं तेवढं कुठल्याही कन्सल्टंटने दिलं नसेल. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं झालं. आधी गाडी भरून गेली की बिल निवांत करता यायचं. आता पोर्टलवरून आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, आल्याशिवाय बिलाला बिल म्हणता येत नाही, आणि पोर्टलवर ते रद्द करायला चोवीस तासच मिळतात. परिणाम काय झाला? डिस्पॅचचा माणूस आणि अकाउंट्सचा माणूस, जे आधी महिन्यातून एकदा भांडायचे, ते आता गाडी गेटवर उभी असताना रोज भांडतात. शिवाय एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे कुणी काय बदललं याची नोंद, चालू ठेवावाच लागतो, मागच्या तारखेला हळूच एंट्री फिरवण्याची जुनी कला संपत आली आहे. (काही मालकांना याचं खरंच दुःख झालेलं मी पाहिलंय.)

थिअरीला नाकं मुरडू नका, असं मात्र सांगेन. प्रॅक्टिकलच्या नावाखाली ती टाळणारे पुढे एकाच सॉफ्टवेअरचे ऑपरेटर होऊन बसतात. १९८७ मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी चिमटा काढला होता की कॉम्प्युटर सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत. त्यावर पुढे बरंच संशोधन झालं आणि त्यातून एक गोष्ट ठळक झाली: यंत्रणा आणून कामाची पद्धत तीच ठेवली, तर पैसा जातो आणि फरक पडत नाही. फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं टेक्नॉलॉजी अ‍ॅक्सेप्टन्स मॉडेल, म्हणजे माणसं नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात याचा आराखडा, दोन प्रश्नांवर उभं आहे, हे मला उपयोगाचं वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का. शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर ईआरपीत उत्पादन भरत नाही आणि खिशातल्या डायरीत बरोबर लिहितो, तेव्हा त्याला आळशी म्हणण्याआधी हे दोन प्रश्न त्याच्या बाजूने विचारून बघा. त्याच्या एंट्रीचा फायदा सगळा ऑफिसला होतो, त्याला त्यातून काय मिळतं?

आणि अपयशाच्या केसेस जास्त वाचा, यशाच्या सगळ्या सारख्याच वाटतात. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत नवी यंत्रणा एकदम सगळीकडे चालू केली. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकलं होतं, कारण २००० साल उजाडताच जुने कॉम्प्युटर तारखा चुकवतील ही धास्ती होती. ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोवीन, म्हणजे तिथल्या गोळ्या-चॉकलेटांचा ऐन हंगाम. माल होता, पण १० कोटी डॉलरहून जास्त रकमेच्या ऑर्डरी वेळेत पोचवता आल्या नाहीत. हे वाचून हसू नका. फेब्रुवारीत, द्राक्षाचे कंटेनर भरले जात असताना पॅकहाउसला नवं सॉफ्टवेअर चालू करायला निघालेले लोक आपल्याकडेही भेटतात. व्हेंडरला मार्चअखेर बिल लावायचं असतं ना.

कॉलेजबद्दल थोडक्यात. नाशिकची एमबीए कॉलेजं बहुतेक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, प्रवेश सीईटी आणि कॅप फेऱ्यांतून. तिथे इन्फर्मेशन सिस्टिम्स या नावाचं स्पेशलायझेशन शोधत बसू नका. बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन यांखाली आणि ऐच्छिक विषयांत ते विखुरलेलं सापडेल, म्हणून सिलॅबस उघडून विषयवार बघा. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन दोनच गोष्टी विचारा: विद्यार्थ्यांना एखाद्या ईआरपीचं लॉगिन हातात मिळतं का, आणि इंटर्नशिपचा रिपोर्ट कोण वाचतं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा घुटमळला तर समजून जा. नोकरी सोडणं परवडत नसेल तर गंगापूर धरणाच्या बाजूला आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथून एमबीए करण्यात कमीपणा काही नाही, फक्त सोबतच्या मुलांकडून जे शिकायला मिळतं ते स्वतः मिळवावं लागेल.

नोकऱ्यांचं खरं सांगायचं तर नाशिकमध्ये "एमआयएस एक्झिक्युटिव्ह" म्हणून जी जाहिरात येते, तिथे बहुतेक वेळा दिवसभर एक्सेल आणि संध्याकाळी साहेबांना रिपोर्ट, एवढंच असतं. एखादं वर्ष करायला हरकत नाही, पण त्यात रुतू नका. तुमच्यासाठी सरळ वाट आहे ईआरपीच्या फायनान्स मॉड्यूलची फंक्शनल कन्सल्टंट होण्याची, म्हणजे कंपनीचं काम समजून घेऊन त्याप्रमाणे यंत्रणा बसवून देणारी. त्यासाठी सुरुवातीला पुण्याला जावं लागण्याची शक्यता जास्त, हे घरी आत्ताच बोलून ठेवा. जीएसटी, टीडीएस, जॉबवर्क (बाहेरून करून घेतलेलं काम) यांचा हिशेब स्वतः केलेला माणूस त्या टीममध्ये दुर्मीळ असतो.

भावाचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. एसक्यूएलची क्वेरी लिहून देण्याचं काम एआय आज करतंच. तुम्ही एआयला म्हणालात, "कुठल्या सप्लायरचा किती माल आला ते काढून दे," तर ते काढून देईल. पण जीआरएनमध्ये आलेला नग आणि स्वीकारलेला नग असे दोन रकाने असतात, आणि क्वालिटीने परत पाठवलेला माल पहिल्यात मोजला जातो, दुसऱ्यात नाही. पैसे द्यायला कुठला आकडा धरायचा आणि सप्लायरचं रेटिंग काढायला कुठला, हे विचारताना तुम्हाला माहीत असावं लागतं. नाहीतर उत्तर देखणं येतं आणि पेमेंट जास्त जातं.

शेवटी इंटर्नशिपचा विषय, कारण तो निवडताना सगळे "अ स्टडी ऑफ ईआरपी सिस्टिम अ‍ॅट अमुक कंपनी" असं शीर्षक देतात आणि तो रिपोर्ट कुणीच वाचत नाही. तुमच्याच कारखान्यात परवानगी मागा आणि प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा चढवायला, बाहेर जाणारा माल घ्या. चलनावर किती किलो गेलं, किती परत आलं, रिजेक्ट किती, अजून बाहेर किती आणि कधीपासून. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवल्याच्या दिवशीच पुरवला असं धरून कर लागतो, त्यामुळे मालकांना यात रस असणारच. तीन महिन्यांची चलनं, गेटचं रजिस्टर, स्टोअरची नोंद आणि टॅली, चारही शेजारी लावा. न जुळणाऱ्या ओळी लाल करा आणि प्रत्येक लाल ओळीपुढे ती चूक कुणाच्या टेबलावर झाली ते लिहा. माणसाचं नाव नको, टेबलाचं लिहा. रिपोर्टची एक प्रत कॉलेजला आणि एक स्टोअरकीपरला द्या, आणि स्टोअरकीपरला ती आधी दाखवा.